वाहनचालकाची चाचणी : नापासांना किती संधी द्याव्यात?

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे दोन डोंगरी तालुके. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर जिल्ह्याचा ग्रामीण भाग म्हणून जो उरला, त्यात या दोन तालुक्यांचा वाटा मोठा आहे. शहापुरातून मुंबई-नाशिक महामार्ग कसारा घाटाकडे चढतो आणि मुरबाडातून कल्याण-नगर रस्ता माळशेज घाटाकडे जातो. ५ जून २०२५ पासून इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पाही वाहतुकीस खुला झाला असून तोही शहापूर तालुक्यातूनच येतो. रस्ते वाढले, तशी वाहने वाढली. भाजी, दूध, वीट, रेती, शाळेची मुले, कारखान्यातील कामगार अशा सर्वांची ने-आण करण्यासाठी चालक लागतात, आणि शेतीवर भागत नसलेल्या घरातील तरुणाला वाहन चालविणे हा हाताशी असलेला पहिला व्यवसाय वाटतो. या व्यवसायाचे दार म्हणजे वाहन चालविण्याची अनुज्ञप्ती. बोलीभाषेत आपण तिला 'लायसन' म्हणतो.

ही अनुज्ञप्ती मिळण्यापूर्वी द्यावयाच्या चाचणीत उमेदवार पुन्हा पुन्हा नापास होत असेल, तर त्याला किती वेळा बसू द्यावे, हा प्रश्न अधूनमधून चर्चेस येतो. रस्त्यावर होणारी जीवितहानी पाहिली की कोणीतरी म्हणते, "तीनदा नापास झालेल्या माणसाच्या हाती गाडी द्यायचीच कशाला?" हा उद्वेग समजण्यासारखा आहे. एकट्या २०२२ या वर्षी भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. तथापि, मर्यादा घालावी की न घालावी याचा विचार करण्यापूर्वी सध्याचा कायदा काय सांगतो, हे नीट समजून घेणे अवश्य आहे. प्रत्यक्षात अनेकांची याबाबत चुकीची कल्पना असते.

कायद्यातील तरतूद

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अंमलात आला. त्याच्या कलम ९, पोटकलम ५ अन्वये, चाचणीत उत्तीर्ण न झालेल्या उमेदवारास सात दिवसांनंतर पुन्हा चाचणीस बसता येते. मात्र तीनदा बसूनही तो उत्तीर्ण झाला नाही, तर शेवटच्या चाचणीच्या तारखेपासून साठ दिवस उलटेपर्यंत त्याला पुन्हा बसता येत नाही. २०१९ च्या सुधारणा अधिनियमाने या तरतुदीत आणखी एक भर घातली. अशा उमेदवाराने कलम १२ खालील प्रशिक्षण संस्थेतून उजळणी प्रशिक्षण पूर्ण केले पाहिजे.

म्हणजे कायद्याने संधींची एकूण संख्या ठरविलेली नाही. त्याने ठरविले आहे ते अंतर. तिसऱ्या अपयशानंतर थांबा, शिका आणि मग या, एवढेच तो सांगतो. नापास होणे आणि अपात्र ठरणे या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने भिन्न आहेत. अपात्रता ही वर्तनावरून, गुन्ह्यावरून किंवा अशा आजारावरून येते की ज्यामुळे वाहन चालविणे लोकांस धोक्याचे ठरेल. चाचणीतील अपयश हे केवळ त्या दिवशी कौशल्य अपुरे होते याचा पुरावा होय.

याच्या जोडीला केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील दोन मुदती ध्यानात ठेवाव्या लागतात. शिकाऊ अनुज्ञप्ती मिळाल्यापासून किमान तीस दिवस झाल्याखेरीज पक्क्या अनुज्ञप्तीच्या चाचणीस बसता येत नाही. दुसरीकडे, अधिनियमानुसार शिकाऊ अनुज्ञप्तीची मुदत सहा महिन्यांची असते. तेव्हा उमेदवाराला जे काही करावयाचे ते या पाच महिन्यांच्या खिडकीतच करावयाचे असते.

पाच महिन्यांचा हिशेब

येथे शहर आणि तालुका यांतील फरक उघड होतो. समजा, एका तरुणाला १ जून रोजी शिकाऊ अनुज्ञप्ती मिळाली. ती ३० नोव्हेंबरपर्यंत चालेल. तो परिवहन कार्यालयाच्या शहरात राहात असेल, तर १ जुलैस पहिली, ९ जुलैस दुसरी आणि १७ जुलैस तिसरी चाचणी देऊन तिन्हींत नापास झाला तरी सप्टेंबरच्या मध्यास त्याचे साठ दिवस भरतात. त्यानंतर अडीच महिने शिल्लक राहतात.

आता हाच तरुण डोळखांबच्या किंवा टोकावड्याच्या बाजूचा आहे असे धरू. परिवहन खात्याची कायम कार्यालये ठाणे व कल्याण येथे आहेत. तालुक्याच्या ठिकाणी जेथे शिबिरे भरतात, तेथे ती ठरावीक दिवशीच भरतात. शिबीर महिन्यातून एकदा, १० तारखेला, असे मानले तर कायद्यातील 'सात दिवस' प्रत्यक्षात एक महिना होतात. १० जुलै, १० ऑगस्ट, १० सप्टेंबर अशा तीन चाचण्या झाल्या. साठ दिवस ९ नोव्हेंबरला भरले. १० नोव्हेंबरचे एकच शिबीर त्याच्या हाती राहिले. ते दिवाळीमुळे किंवा निवडणुकीच्या कामामुळे पुढे ढकलले गेले, तर शिकाऊ अनुज्ञप्तीच संपली.

हा हिशेबही उदार आहे. जुलै महिना म्हणजे या दोन्ही तालुक्यांत भाताच्या लावणीचा महिना. घरातील धडधाकट तरुण त्या दिवसांत शेत सोडून मैदानावर उभा राहील, अशी अपेक्षा करणे म्हणजे गावाची ओळख नसल्याचे लक्षण. जुलैचे शिबीर चुकले की त्याच्या चाचण्या ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर अशा होतात आणि साठ दिवस भरतात ९ डिसेंबरला, म्हणजे मुदत संपल्यावर. कोठेही 'तीनच संधी' असे लिहिलेले नसताना या तरुणापुरती ती मर्यादा पडलेलीच असते.

शिबिराची वाट न पाहता कार्यालयात जावे म्हटले, तर कसाऱ्याहून कल्याण रेल्वेने सुमारे ६७ किलोमीटर आहे. मुरबाड तालुक्यात रेल्वेच नाही, तेव्हा एस.टी. किंवा खाजगी जीप. एका फेरीत दिवसाची मजुरी बुडते. चाचणीचे शुल्क प्रत्येक वर्गाच्या वाहनासाठी ३०० रुपये आणि फेरचाचणीसही तेवढेच. मुदत संपून नव्याने शिकाऊ अनुज्ञप्ती घ्यावी लागली, तर चाचणीसह आणखी २०० रुपये. शिवाय चाचणी ज्या प्रकारच्या वाहनाची, ते वाहन उमेदवारानेच विम्याच्या व अन्य चालू कागदपत्रांसह आणावयाचे असते. ज्याच्या घरी चारचाकी नाही तो ती मोटार ड्रायव्हिंग स्कूलकडून भाड्याने आणतो. सरकारी शुल्कापेक्षा हा खर्चच जड जातो.

नापास कोण होतो?

मर्यादेच्या बाजूने केला जाणारा एक युक्तिवाद मात्र खरोखर विचारात घेण्याजोगा आहे. चाचणी काही मिनिटांची असते आणि तीत नशिबाचा भाग थोडाफार राहतोच. एखाद्या अगदी अकुशल माणसाला ती पार पडण्याची शक्यता दहात एक आहे असे समजू. अशा शंभर माणसांना तीन वेळा बसू दिले तर सुमारे २७ जण केव्हातरी उत्तीर्ण होतील. दहा वेळा बसू दिले तर सुमारे ६५. त्यांचे कौशल्य तसूभरही वाढलेले नसेल. वाढलेल्या असतील त्या फक्त खेपा. म्हणून मधल्या काळात काहीच न शिकता पुन्हा पुन्हा बसणे हे रस्त्यावरील इतर लोकांच्या दृष्टीने घातक आहे, हे मान्य केले पाहिजे.

पण हाच हिशेब दुसऱ्या टोकाने मांडून पाहावा. ज्याला वाहन चांगले येते आणि दहात आठ वेळा जो उत्तीर्ण होईल, असा माणूस लागोपाठ तीनदा नापास होण्याचा प्रसंग हजारात आठ जणांवर येईल. त्याला मर्यादेची झळ बसत नाही. प्रश्न आहे तो मधल्या माणसाचा, ज्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे त्याचा. अशा शंभरांतील बारा-तेरा जण तीनही वेळा नापास होतील. हा मधला माणूस कोण? बहुधा तो, ज्याला दुसऱ्याच्या गाडीवर, मालकाची नजर चुकवून किंवा त्याच्या मेहेरबानीने, आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी हात बसविता आला. तो मंद नसतो आणि बेपर्वाही नसतो. त्याचा सराव कमी पडलेला असतो. तीन नापासांनंतर त्याला कायमचे बाहेर ठेवणे म्हणजे त्याच्या घरी गाडी नसल्याची त्याला शिक्षा देणे होय.

कायमची बंदी घातली तर तो वाहन चालविणे सोडील काय? तालुक्याची रीत ज्यांना ठाऊक आहे ते याचे उत्तर जाणतात. तो अनुज्ञप्तीविना चालवील, आणि आतल्या रस्त्यांवर, जेथे तपासणी विरळ असते, तेथेच चालवील. अपघात झाला तर विमा कंपनी मालकाने अटींचा भंग केल्याची हरकत घेते. पुष्कळ प्रकरणांत न्यायालये कंपनीला आधी भरपाई द्यावयास लावून ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. कर्ज काढून एक पिकअप घेतलेल्या कुटुंबावर अशी वसुली आली, तर ती फेडण्यास जमिनीचा तुकडा विकावा लागण्याची पाळी येऊ शकते. ज्याचा माणूस गेला त्याच्या वाट्याला येतात कोर्टाच्या तारखा. अनुज्ञप्ती नसलेल्यास वाहन देणाऱ्या मालकावरही कलम १८० खाली स्वतंत्र जबाबदारी येते, ही गोष्ट गावातील वाहनमालकांना क्वचितच कोणी सांगितलेली असते.

शिवाय कठोर मर्यादेचा आणखी एक परिणाम संभवतो. शेवटची संधी जितकी मोलाची, तितकी तिची 'किंमत' वाढते. अर्जदार घाबरलेला असला की मध्यस्थाचे फावते.

परदेशातही कायमची मर्यादा हा सरसकट मार्ग नाही. ब्रिटनमध्ये १ जून १९३५ पासून चालक-चाचणी सक्तीची झाली. तेथे आजही संधींच्या संख्येस मर्यादा नाही, मात्र दोन चाचण्यांमध्ये किमान दहा कामकाजाचे दिवस जावे लागतात. दक्षिण कोरियातील भाजी विकणाऱ्या एका वृद्धेने लेखी परीक्षा ९५० व्या खेपेस आणि त्यानंतर प्रत्यक्ष चाचणी दहाव्या खेपेस उत्तीर्ण होऊन २०१० मध्ये अनुज्ञप्ती मिळविली. तेव्हा जगभर तिचे कौतुक झाले, आणि काहींनी भुवयाही उंचावल्या. लेखी परीक्षेतील अपयशाने रस्त्यावर कोणाला इजा होत नाही, हे मात्र दोघांनीही ध्यानात घ्यावयास हवे होते.

चाचणी काय तपासते?

खरे पाहता, किती वेळा बसू द्यावे याहून चाचणी काय तपासते हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. २०२१ सालापासून महाराष्ट्रात शिकाऊ अनुज्ञप्तीची परीक्षा आधार क्रमांकाच्या साहाय्याने घरबसल्या संगणकावर देता येते. त्यामुळे कल्याणची एक फेरी वाचली, ही दूरच्या पाड्यांच्या दृष्टीने मोठी सोय आहे. पण घरी बसून उत्तरे कोण देतो यावर कार्यालयाइतकी देखरेख राहात नाही, हेही उघड आहे. त्यामुळे खरी गाळणी म्हणून उरते ती प्रत्यक्ष वाहन चालविण्याची चाचणी.

नियम १५ मध्ये या चाचणीत काय पाहावे याची लांबलचक यादी आहे. निघण्यापूर्वी आरसा व आसन नीट करणे, सर्व गिअरांचा यथायोग्य वापर, उतारावर झटकन खालच्या गिअरवर येणे, तीव्र चढावर थांबून हातब्रेकच्या साहाय्याने मागे न घसरता पुन्हा निघणे, योग्य वेळी इशारा देणे, अरुंद जागेत गाडी मागे घेणे, अशा बाबी तीत आहेत. यादी वाचली की असे वाटते, जणू ती कसारा घाट डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिली असावी! सपाट मैदानावर 'आठचा आकडा' काढून हे सर्व समजत नाही. माळशेजच्या रस्त्यावर पावसाळ्यात धुके उतरते, दरडीखालचे वळण दिसत नाही, आणि धबधबे पाहण्यास आलेली वाहने वाटेल तेथे उभी असतात. तेथे चालकाला उपयोगी पडतो तो गिअर, आरसा आणि संयम. नव्या समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, पण त्याच्या जोडरस्त्यांवर गावची मोटारसायकल आणि अवजड मालमोटार एकमेकांसमोर येतातच.

चढावर थांबून निघण्याची परीक्षा न देता पहिल्याच खेपेस उत्तीर्ण झालेला चालक आणि ती देऊन चौथ्या खेपेस उत्तीर्ण झालेला चालक, या दोघांपैकी कोणाच्या गाडीत आपण शाळेची मुले बसवू? प्रस्तुत लेखकाचे मत चौथ्या खेपेच्या बाजूने आहे.

उजळणी प्रशिक्षण कोठे घ्यावे?

अशा रीतीने पाहता, कायद्याने स्वीकारलेला मधला मार्ग योग्य आहे. खेपांची संख्या न बांधता, तिसऱ्या अपयशानंतर शिक्षणाची अट घालावयाची. या अटीमुळेच वर सांगितलेला 'नशिबाचा' हिशेब बदलतो, कारण चौथ्या खेपेस बसणारा माणूस पहिल्या खेपेचा राहात नाही. अडचण आहे ती तालुक्यातील सोयींची. मोटार ड्रायव्हिंग स्कूल बहुधा तालुक्याच्या गावी किंवा महामार्गालगत असतात. २०२१ च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रे काढता येतात. तेथे हलक्या वाहनासाठी २९ तासांचा अभ्यासक्रम असून, तो उत्तीर्ण होणाऱ्यास कार्यालयातील चाचणीतून सूटही मिळते. पण अशा केंद्रास किमान एक एकर आणि अवजड वाहनांसाठी दोन एकर जागा लागते. खाजगी माणूस एवढी गुंतवणूक आदिवासी पाड्यांच्या भरवशावर करील, अशी शक्यता कमी.

येथे शासनाच्या इतर शाखांना वाव आहे. शहापूर येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. न्यूक्लिअस बजेट योजनेतून आदिवासी युवकांना वाहनचालक प्रशिक्षण देण्याचे काम राज्यातील प्रकल्पांनी पूर्वी केलेले आहे. त्याच योजनेत, नव्याने शिकणाऱ्यांबरोबर, तीनदा नापास झालेल्यांच्या उजळणीचा खर्च धरता येईल. तसेच चाचणी घेणाऱ्या मोटार वाहन निरीक्षकाने नापास उमेदवाराच्या हाती एक मराठी चिठ्ठी द्यावी, जीत नियम १५ मधील कोणत्या बाबीत तो कमी पडला त्यावर खूण असेल. आज बहुतेक उमेदवार 'नापास' एवढाच शब्द घेऊन घरी येतात आणि पुढच्या वेळी तीच चूक करतात. या चिठ्ठीस खर्च कागदापुरताच.

शिबिराच्या तारखा ठरविताना लावणी-कापणीचा विचार व्हावा, आणि तीनदा नापास झालेल्यांसाठी साठ दिवसांनंतरचे शिबीर शिकाऊ अनुज्ञप्तीच्या मुदतीत बसेल असे वेळापत्रक असावे, ही सूचनाही अवाजवी वाटू नये.

ग्रामपंचायत व शाळा यांच्यासाठी

पंचायत सदस्यांना काही गोष्टी ठाऊक असल्या तर गावातील तरुणांचा पैसा व वेळ वाचेल. परिवहन संवर्गातील वाहन चालविण्यासाठी पूर्वी आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती, ती २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो, मुरबाडचाही काही भाग त्यात येतो. तेथील कातकरी व ठाकूर वस्त्यांत शाळा अर्ध्यावर सुटलेले तरुण पुष्कळ आहेत आणि त्यांच्यापैकी कित्येकांना ही अट गेल्याचे अद्याप ठाऊक नाही. त्याचप्रमाणे, हलक्या मोटार वाहनाची अनुज्ञप्ती असलेल्यास ७,५०० किलोग्रॅमपर्यंतच्या एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालविण्यासाठी वेगळी नोंद लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले. म्हणजे पिकअप किंवा लहान टेम्पोसाठी एकच चाचणी पुरते. दोन चाचण्यांचे पैसे मागणारा कोणी भेटल्यास त्याला हा निर्णय दाखवावा.

शिक्षकांपुढील प्रश्न जरा निराळा. सोळा वर्षे पूर्ण झालेल्यास केवळ ५० घन सेंटिमीटरपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीची अनुज्ञप्ती मिळू शकते. कनिष्ठ महाविद्यालयाच्या आवारात उभ्या असणाऱ्या बहुतेक मोटारसायकली याहून मोठ्या असतात. अज्ञान मुलाने गुन्हा केल्यास पालकास किंवा वाहनमालकास २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कारावास, आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, अशी तरतूद २०१९ पासून कलम १९९-अ मध्ये आहे. पालकसभेत ही तरतूद वाचून दाखवावी. अठरा पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यांसाठी शिकाऊ अनुज्ञप्तीचे अर्ज शाळेच्या संगणक कक्षातून, शिक्षकांच्या देखरेखीखाली भरून घेतले, तर परीक्षा कोण देतो याची शंकाही राहणार नाही.

अर्ज कोणत्या महिन्यात करावा, यालाही महत्त्व आहे. शिकाऊ अनुज्ञप्ती जूनमध्ये न घेता भाताची कापणी-झोडणी आटोपल्यावर, डिसेंबरच्या सुरुवातीस घेतली, तर जानेवारीपासून मेअखेरपर्यंतचा काळ चाचणीसाठी मोकळा मिळतो. शेतीची घाई नसते, मैदान कोरडे असते, आणि तिसऱ्यांदा नापास होण्याची वेळ आलीच तरी साठ दिवस उन्हाळ्यातच भरून निघतात.